मिशा छाप बंडी

आमच्या कळमनुरीच्या खाजा मियानं जन्मात एकदाच माप न घेता कपडे शिवले आणि सगळ्या बाजाराची झोप उडाली. तसा आमचा बाजार झोपेला पक्का. पण दुसऱ्याच्या घरात काही नवं शिजतंय म्हटलं की त्याच्याइतकं जागं कुणी नाही.

माझं तंबाखूचं दुकान त्याच्या दुकानासमोर. मध्ये रस्ता, आणि रस्त्यात शेळ्या. त्यामुळे ही हकिगत मी बसल्या जागेवरून पाहिली आहे, आणि जे बसून दिसत नव्हतं ते उठून जाऊन पाहिलं आहे. तेव्हा आमच्याकडे निजामाचा अंमल होता आणि दुसरी मोठी लढाई लागायला अजून अवकाश होता.

खाजा मिया शिंपी म्हणून एक नंबर. अंगानं काटकुळा, गळ्यात मापाची पट्टी, कानावर खडू. दसरा-दिवाळी, ईद आणि लग्नसराई आली की त्याला जेवायला फुरसत नसे. पावसाळा लागला की मात्र मशीन मुकं. सगळं गाव शेतात, अंगावर फाटकं आणि वर घोंगडं, शिवायला कोण येतो? नेमका अशा दिवसांत त्याच्या बायकोचा, मदीनाबीचा, भाऊ नांदेडहून निरोप पाठवायचा, "दुकान मोडा अन् इथं गिरणीत लागा." गिरणीचं नाव काढलं की खाजा मियाला ठसका लागायचा. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटावर पोटभर जेवण्यापेक्षा आपल्या ओट्यावर उपाशी बसेल, असा माणूस.

त्या आषाढात पुनमचंद शेठनं एक तोड काढली. पुनमचंद कापडाचा व्यापारी. कल्पना त्याच्या, कष्ट दुसऱ्याचे, अशी त्याची जुनी वाटणी.

"खाजा, रिकामा बसतो त्यापेक्षा बंड्या शिवून ठेव," तो म्हणाला. "कापड माझं, शिलाई तुझी, नफा निम्मा निम्मा. मुंबईत लोक तयार कपडे घेतात अन् तिथंच अंगात घालतात. माप न्हाई, खेटे न्हाई."

"माप न्हाई तं शिवू कुणाच्या अंगाचं?"

"मोठ्या अंगाचं शिव. मोठ्या बंडीत बारका माणूस मावतो, बारक्या बंडीत मोठा मावत न्हाई."

हे बिनतोड होतं. गावातलं सगळ्यात मोठं अंग म्हणजे संतरामचं. वेशीबाहेरच्या मळ्यात राहणारा हा शेतकरी खाजा मियाचा लहानपणापासूनचा दोस्त. छाती दरवाज्याएवढी, आणि मिशा अशा की लोक आधी मिशांना रामराम करत, मग संतरामला. त्याचं माप खाजा मियाला तोंडपाठ होतं. त्या मापानं त्यानं सगळा पावसाळा पांढऱ्या बंड्या शिवल्या. घरात बायकोला एकदाच सांगितलं, आणि तेही इतक्या जोरात की मला समोर ऐकू आलं, "दिवाळीपर्यंत ह्या खपल्या तं ठीक. न्हाई खपल्या तं मशीन विकतो अन् तुझ्या भावाकडं गिरणीत जातो. मंग बोल."  मदीनाबीनं काजाबटणांचं काम आपल्याकडे ओढून घेतलं.

पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी खाजा मियानं ओट्यासमोर दोरी बांधली आणि बंड्या टांगल्या. सुरेख दिसत होत्या. पुसेगावकडचा एक शेतकरी थांबला, कापड चोळून पाहिलं, शिलाई ओढून पाहिली आणि विचारलं, "कुणाच्या हायत?"

"कुणाच्याच न्हाईत. विकायच्या हायत."

"कुणाच्याच न्हाईत म्हंजे? शिवल्या तं कुणासाठी तरी असतील."

"कुणासाठी बी न्हाई. जो घेईल त्याच्यासाठी."

शेतकऱ्यानं बंडी सोडली, हात धोतराला पुसला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कधी गेला?"

"कोण?"

"ज्याच्या हायत तो."

आता आमच्या लोकांचं डोकं कसं चालतं ते सांगतो, नाही तर बाहेरच्या माणसाला वाटेल की शेतकरी खुळा होता. आमच्याकडे कापड फाडलं जातं ते कुणाच्या तरी अंगासाठी. आधी माणूस, मग माप, मग बंडी. बंडी आहे आणि माणूस नाही, याचा अर्थ उघड आहे. बिचारा माप देऊन गेला तो गेलाच. आणि इथं तर एकाच मापाच्या दोरीभर बंड्या! म्हणजे मेला तोही चांगला हौशी होता. दुपारपर्यंत अर्ध्या बाजारानं बंड्यांकडे पाहून हळहळ व्यक्त केली. दोघातिघांनी खाजा मियाला "मोठा गिऱ्हाईक गेला तुमचा" म्हणून धीर दिला. घेतली एकानंही नाही.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. पुनमचंद म्हणाला, "छाप पायजे. गिरणीच्या ताग्यावर कसा वाघ असतो, घोडा असतो? छाप दिसली की लोक समजतात, माल कोरा हाय. तो कागद सुद्दा घरी नेऊन भितीला लावतात. आपण बी बंडीला छाप लावू. आतून न्हाई, आत कोण पाहतो! छातीवर लावू."

बात पटली. पण छाप कशाची? इथून जे सुरू झालं ते तीन संध्याकाळी पुरलं.

शेठ म्हणाला, वाघ. खाजा मिया म्हणाला, "शेठ, मपले लोक बी बंडी घालतात. छातीवर जनावर लावून नमाज कसा पढंल माणूस?" म्हणून जेवढं म्हणून हिंडतं-फिरतं ते सगळं बाद झालं. मी म्हणालो, देव काढा. त्यावर बाजूचा माळकरी खवळला, "देवाला घाम लावता व्हय? परीट धोंड्यावर आपटंल तवा?" तेही खरं. चरखा काढावा तर पोलीस चळवळीतला समजून धरणार. सरकारी ताज काढावा तर सरकारचा समजून पुन्हा पोलीसच विचारायला येणार, परवानगी कुणी दिली. गुलाबाचं फूल निघालं, तर संतराम तिथं बिडी ओढत बसला होता, तो म्हणाला, "छातीवर गुलाब लावून मी औताला जाऊ? बैल हसतील." विळा रक्त काढतो, तराजू वाण्याचा, कंदील रॉकेल खातो. माणसाच्या घरात इतक्या वस्तू आणि एकही निरुपद्रवी नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या दिवशी मला तंबाखू आणायला हिंगोलीला जावं लागलं आणि संतराम रब्बीच्या पेरणीच्या तयारीत होता. आम्ही दोघं असतो तर पुढचं घडलंच नसतं. आतून पडद्याआडून मदीनाबी म्हणाली, "मडकं काढा ना. मडक्याला जात न्हाई, धरम न्हाई. पाणी थंड ठेवतं." पुनमचंद मारवाडी. त्याला मडकं म्हटलं की मंगल कलश दिसला. तो म्हणाला, "वा भाभी!" आणि मदीनाबीनं काळ्या दोऱ्यानं प्रत्येक बंडीच्या छातीवर एक सुबक, गोल, काळं मडकं भरलं.

आता पांढरं कोरं कापड आणि त्यावर काळं मडकं. आमच्याकडे मयताच्या पुढं काय धरून चालतात, हे मी सांगायला नको.

त्या बाजाराला दोरीसमोरून जाणाऱ्या बायांनी लेकरांचे डोळे झाकले. एका म्हाताऱ्यानं जोडे काढून नमस्कार केला. पहिल्या बाजाराला लोकांना नुसता संशय होता, आता तर छापून आलं होतं. खाजा मियाला काही उमगेना. तो जितक्या कळकळीनं "मडकं हाय, शुभ हाय" सांगे, तितके लोक मागं सरकत. शेवटी मीच रस्ता ओलांडून त्याच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरलं याचं आजही समाधान आहे. तो ओट्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "झालं. गिरणीत चाललो मी."

तेवढ्यात संतराम आला. तो दोरखंड घ्यायला आला होता. दोस्ताचं तोंड पाहिलं, दोरीवरची मडकी पाहिली, आणि काय झालं असेल ते त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं खसकन एक बंडी ओढली, मडकं उसवून फेकलं, अंगातलं काढलं आणि भर बाजारात ती बंडी चढवली. बंडी त्याच्या अंगावर अशी बसली जशी त्याच्यासाठीच शिवलेली, आणि शिवलेली होतीच.

"कोण म्हणतं मेल्याची हाय?" तो गरजला. "ही मपल्या मापाची हाय! समद्या मपल्या मापाच्या हायत! अन् मी जित्ता हाय का न्हाई, या, पाहून घ्या!"

लोकांनी खरंच येऊन पाहिलं. पुसेगावच्या त्या शेतकऱ्यानं तर संतरामच्या दंडाला चिमटा काढला. माणूस जिवंत निघाला. मग कुणाच्या, कधी गेला, हे प्रश्नच उरले नाहीत. "संतरामच्या मापाची हाय म्हणता? मंग ठीक हाय. दोस्तासाठी शिवल्या, जास्त झाल्या, विकून राहिला." अर्थ चुकीचा होता, पण गिऱ्हाईक बरोबर होतं. ढगळ बसली तरी कुणी कुरकुर केली नाही. पुढच्या बाजाराला लोक येऊन म्हणू लागले, "ती मिशावाल्याची बंडी द्या."

छाप निवडायला आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि बाजारानं ती चालता चालता निवडली. मिशा! मदीनाबीनं मडकी उसवली आणि छातीवर दोन झुपकेदार, टोकं वर वळलेल्या मिशा भरल्या. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसत्या मिशा. खाजा मियानं मशिदीतल्या मौलवीसाहेबांना नेऊन दाखवल्या. त्यांनी उलटसुलट पाहून, "मुंडकं न्हाई ना, मंग काही हरकत न्हाई," म्हणून सांगितलं आणि स्वतःसाठी एक बाजूला ठेवायला लावली. परीट खूश, पोलीस खूश. संतराम तर दर बाजाराला मिशांना तूप लावून ओट्यावर येऊन बसू लागला. कुणी बंडी हातात घेतली की तो मान वळवून एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची मिशी दाखवी. गिऱ्हाईक छातीवरची मिशी आणि माणसाची मिशी ताडून पाही आणि पैसे काढी.

दिवाळी पार पडली. गिरणीचं नाव निघेनासं झालं. पुनमचंदला तर असा चेव चढला की त्यानं कुणाला न विचारता हैदराबादहून कापडी फितीवर छापून मिशा मागवल्या. गुंडाळी आली, त्यानं ती दुकानभर उलगडून दाखवली. इतक्या काळ्या मिशा एका जागी मी फक्त अमीनसाहेबाच्या पोलीस चौकीत पाहिल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली, संतरामचा बाप आजारी आहे.

संतरामचा बाप ग्यानबा. वय किती, ते त्याला ठाऊक नव्हतं. मोठ्या दुष्काळात आपण औत हाकत होतो एवढं तो सांगे. दात एक, कान दीड, पण जीभ शाबूत. थंडीनं त्याला धरलं होतं आणि तो बाजेवरून उठत नव्हता. ही बातमी घेऊन पुनमचंद धावतच ओट्यावर आला आणि धापा टाकत म्हणाला, "खाजा, म्हातारा गेला तं मिशा जातील!"

खाजा मियानं सुई थांबवली. बाप गेला की पोरानं दहाव्याला केस आणि मिशा द्यायच्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संतराम एकुलता. संतरामच्या मिशा गेल्या की छातीवरच्या मिशा कुणाच्या? आणि मिशा काढलेला माणूस म्हणजे सुतकाचा माणूस. दोरीवर बंड्या, शेजारी भादरलेला संतराम. बाजार पुन्हा विचारणार, कधी गेला? आणि या खेपेला खरंच कुणीतरी गेलेलं असणार.

"कसं बी करून म्हातारा उन्हाळ्यापर्यंत काढ," पुनमचंद म्हणाला. जसा काही ग्यानबा म्हणजे लोणचं होता.

दुसऱ्या दिवसापासून खाजा मिया मळ्यात जाऊ लागला. त्याच्या घरचं शिजलेलं ग्यानबाला चालणारं नव्हतं, म्हणून खजूर, मनुके, डाळिंबं असं कोरडं-ओलं घेऊन जाई. म्हातारा खजूर त्या एका दाताखाली धरून तासभर चघळी. दोनचार दिवसांत त्याच्या लक्षात आलं की आपण कण्हलो की खजूर वाढतो. मग तो मन लावून कण्हू लागला.

मी एकदा सोबत गेलो होतो. बाजेशी बसल्या बसल्या खाजा मियानं विचारलं, "बाबा, आज कसं वाटतं?"

"आज जरा जास्त हाय," ग्यानबा म्हणाला. "हिंगोलीची जिलबी खावी वाटून राहिली."

"आणतो बाबा."

"अन् खाजा, एक सांग. सोयरे येत न्हाईत, भावकी येत न्हाई. तूच काहून रोज येऊन राहिला?"

खाजा मिया पट्टीशी चाळा करू लागला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हाच त्याच्या धंद्यातला मोठा दोष.

"मीच सांगतो," म्हातारा म्हणाला. "मपल्या पोराच्या मिशाला तुपली बंडी टांगलीय. मी मेलो का मिशी गेली. व्हय का न्हाई?"

"व्हय बाबा," खाजा मिया म्हणाला, आणि मान खाली घातली. "पहिल्या दिशी मिशांसाठीच आलो. खोटं कशाला बोलू? पर आता तसं न्हाई. आता घरी असलो तरी मनात येतं, बाबा जेवले असतील का. मपला बाप लहानपणीच गेला. असं रोज कुणापाशी बसायला मिळालं न्हाई मला."

ग्यानबा हसला तर नुसतं अंग हललं, आवाज आला नाही. मग म्हणाला, "मंग मपलं माप घे."

"कशाचं?"

"बंडीचं. लहान व्हतो तवा बापाची फाटकी घातली. म्हातारा झालो तं पोराची उतरलेली घालतो. मधी कापडच मिळालं न्हाई. मपल्या मापाचं असं अंगाला लागलं न्हाई कधी. ते एक राह्यलं."

खाजा मियानं त्याला आधार देऊन बसवलं आणि माप घेतलं. छातीभोवती पट्टी दोनदा फिरली असती, इतका तो वाळला होता. पण खाजा मियानं एकेक माप नवरदेवाचं घ्यावं तसं घेतलं, दंड, गळा, पाठ, सगळं.

"अन् आता ऐक," म्हातारा म्हणाला. "मेल्यावर तीच मपल्या अंगात घाला. छातीवर कापड वढू नका. मिशा दिसू द्या. गावाला कळू द्या का मेल्याची बंडी मेल्यानं नेली. मंग राह्यल्या त्या समद्या जित्त्याच्या."

"बाबा, असं बोलू नका."

"अन् मिशा काळ्या नको. मपल्या पांढऱ्या हायत. मिशा मपल्याच पायजे, पोराच्या न्हाई."

ग्यानबा जिलबी खाऊन, आणि अजून चार दिवस खजूर चघळून, संक्रांतीच्या आधी गेला. झोपेतच गेला. मदीनाबीनं छातीवर पांढऱ्या दोऱ्यानं मिशा भरल्या होत्या. पांढऱ्यावर पांढऱ्या, जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हत्या, म्हणून झाडून सगळे जवळ जाऊन पाहत होते. तिरडीवर आयुष्यात पहिल्यांदा मापाची बंडी घालून म्हातारा ऐटीत गेला. पुढं मडकं होतंच. त्या मडक्याकडे पाहून मला ओट्यावरची ती काळी मडकी आठवली आणि हसू आणि रडू एकदमच आलं.

दहावा कयाधू नदीच्या काठी. न्हावी वस्तरा घेऊन बसलेला, आणि संतराम उभाच. डोळे रडून लाल. तो खाजा मियाला बाजूला घेऊन म्हणाला, "गड्या, केस देतो. मिशा ठेवतो. लोकं काय बोलायची ती बोलू दे. तू गिरणीत गेला तं मी कुणापाशी बसू?"

मी मनात म्हटलं, सुटला खाजा. पुनमचंदही आला होता, त्यानं तर लगेच मान डोलावली.

खाजा मियाला मी रागावलेलं फारसं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "खाली बस," तो म्हणाला. "बाप एकदाच मरतो, संतरामा. त्याच्या नावानं मूठभर केस द्यायला तू मपल्या बंड्यांचं तोंड पाहतो? मी गिरणीत जाईन, भोंग्यावर उठीन, पर बाबाला असं लाजवू देणार न्हाई. बस म्हणतो ना!" आणि दोस्ताच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यानं त्याला न्हाव्यासमोर बसवलं. मिशा पडल्या. संतरामचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसू लागला, आणि दोघंही तिथं वाळूत गळ्यात गळा घालून रडले. पुनमचंदसुद्धा रडला. तो ग्यानबासाठी की फितीच्या गुंडाळीसाठी, ते मी विचारलं नाही.

पुढच्या बाजाराला खाजा मियानं दोरी बांधली ती शेवटची म्हणूनच. संतराम कोऱ्या तोंडानं शेजारी बसला. मिशांवर फिरायची सवय लागलेला हात ओठावर जाई आणि रिकामा परत येई. लोक येत, छातीवरच्या काळ्या मिशा पाहत, संतरामचं तोंड पाहत आणि पुढं जात. दुपार टळली. खाजा मिया खडू कानावरून काढून खिशात ठेवू लागला. तेव्हा शिरड शहापूरकडची एक म्हातारी काखेत नातू घेऊन ओट्याशी आली. नाव मनकर्णा. लेकरू नुकतंच जन्मलेलं, सुरकुतलेलं.

"ग्यानबाची बंडी इथंच मिळती का?" तिनं विचारलं.

"ग्यानबाची तं ग्यानबानं नेली, मावशे."

"त्येची न्हाई बाबा. त्येच्या मिशाची. ह्या लेकराआधीची दोन राह्यली न्हाईत. म्हाताऱ्या माणसाचं कापड अंगाला लावलं का लेकरू आयुष्य घेऊन येतं. ग्यानबाइतकं जुनं माणूस तालुक्यात व्हतं का दुसरं? त्येच्या मिशाचं एक झबलं शिवून दे."

आमच्याकडे बाळाला पहिलं कापड जुन्या माणसाचं जुनेरच घालतात. हे मला ठाऊक होतं, खाजा मियाला ठाऊक होतं, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. फक्त बंडीशी त्याची गाठ घालायला मनकर्णा यावी लागली.

खाजा मियानं घाईघाईनं पुनमचंदच्या फितीतली मिशी कापली. म्हातारीनं ती डोळ्यांजवळ नेली आणि परत दिली. "ह्या पोराच्या. काळ्या. ह्या तं गेल्या. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या व्हत्या, मी तिरडीवर पाहिल्या."

आतून मदीनाबीनं हात बाहेर काढला, ती फीत घेतली आणि काळ्या छापावर पांढरा दोरा भरू लागली. खाजा मियानं कापड फाडलं. झबलं तयार होईपर्यंत ओट्यासमोर बायांची रांग लागली होती. आणि बायांच्या मागं बाप्ये. झबलं लेकराला, तर आम्हाला काय? जगायचं काय फक्त लेकरांनीच? पुसेगावचा तोच शेतकरी पुढं होता. आधी घेतलेली काळ्या मिशांची बंडी जुनी झाली नव्हती, तरी त्यानं पांढऱ्या मिशांची मागितली.

"कुणाची हाय, ठाऊक हाय ना?" खाजा मियानं मुद्दाम विचारलं.

"ठाऊक हाय म्हून तं घेतो," तो म्हणाला.

पहिल्या बाजाराला मेल्याची म्हणून हात पुसणारा हा माणूस आता मेल्याचं नाव घेऊन बंडी मागत होता. आमच्या लोकांपुढं मी हात टेकले आहेत. पुनमचंदची सगळी गुंडाळी मदीनाबीला पांढरी करावी लागली. त्या हिवाळ्यात कळमनुरीच्या पंचक्रोशीत इतकी मिशाळ झबली झाली की एखाद्या पाळण्यात डोकावलं तर मुलगी असो की मुलगा, छातीवर म्हातारा ग्यानबा हसत असे.

अशाच एका संध्याकाळी बाजार उठल्यावर खाजा मिया दोरी सोडत होता. दोरीवर एकच बंडी उरली होती, मोठ्या मापाची, पांढऱ्या मिशांची. संतरामनं ती काढून घेतली आणि अंगात घातली. बटणं लावली, छातीवरून हात फिरवला. मला चेष्टा करायची लहर आली. मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "कुणाची रे बंडी?"

 तो म्हणाला, "बापाची. मपल्या अंगाला बराबर आली."